दिवस शून्य

रेबीजच्या लसीचं वेळापत्रक शून्यापासून सुरू होतं. पहिला डोस दिला तो दिवस शून्य, मग तिसरा दिवस, मग सातवा. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी हे पाठ केलं होतं आणि शेवटच्या वर्षाच्या पोस्टिंगपर्यंत कित्येक दंडांवर ते डोस दिलेही होते. त्या शून्यापाशी थांबून विचार करावा असं मात्र कधी वाटलं नाही. तो विचार करायला लावला सहा आठवड्यांच्या एका प्रशिक्षणाने. आरोग्याच्या वेगवेगळ्या शाखांतले विद्यार्थी एकत्र आणायचे आणि त्यांच्या हातात सार्वजनिक आरोग्याचा एकच प्रश्न द्यायचा, असं ते प्रशिक्षण होतं. आता नोकरीला लागून दोन वर्षं झाली, तरी त्या सहा आठवड्यांतलं बरंच काही रोज हाताशी येतं. म्हणून लिहायला बसले आहे.

सुरुवात वाईट झाली. पहिले दोन दिवस सभागृहात व्याख्यानं होती. मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, पशुवैद्यक, समाजकार्य अशा सगळ्या शाखांची मुलं आपापली रांग धरून बसली होती आणि चहाच्या सुट्टीतही तेच घोळके बाहेर जाऊन तसेच परत येत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यातली व्याख्या पडद्यावर आली. वेगवेगळ्या व्यवसायांतले लोक एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, ते हे शिक्षण. विषयी, कडून, सोबत. मी ही तीन शब्दयोगी अव्ययं वहीत एकाखाली एक लिहिली. त्या सभागृहात त्यांतलं 'सोबत' तेवढं होतं, तेही शेजारच्या खुर्चीपुरतं. माझं आजही स्पष्ट मत आहे, की सगळ्या शाखांना एका सभागृहात बसवून एकच भाषण ऐकवलं म्हणून कुणी एकमेकांकडून शिकत नाही. ते दोन दिवसही वस्तीत घालवायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी गट पडले. आमच्या गटात सहा जण होते. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा, फार्मसीची मुलगी, पशुवैद्यकचा मुलगा, समाजकार्याची एक विद्यार्थिनी, लोकआरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणारा एक दादा आणि नर्सिंगची मी. वाट्याला आलेला विषय होता कुत्रा चावणं आणि रेबीज. खरं सांगायचं तर मी थोडी नाराज झाले. मला मधुमेह किंवा क्षयरोगासारखा, ज्यावर खूप बोलता येईल असा विषय हवा होता. रेबीजमध्ये काय, लस दिली की झालं, असं डोक्यात होतं.

आमच्या मार्गदर्शक मॅडम समुदाय वैद्यकशास्त्राच्या. त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि एकच वाक्य सांगितलं, "चार वर्षांच्या मुलाला कुत्रा चावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय घडतं ते लिहा. वीस मिनिटं, कुणी कुणाशी बोलायचं नाही." मग एकेकाला वाचायला लावलं.

मेडिकलच्या मुलाची गोष्ट ओपीडीच्या टेबलापासून सुरू झाली. जखम कुठे, किती खोल, कोणत्या वर्गाची. माझी त्यानंतर, इंजेक्शनच्या ट्रेपासून. फार्मसीच्या मुलीची गोष्ट आमच्या दोघांच्या आधी काही आठवडे, लस शीतसाखळीत शिरते तिथून. दोन ते आठ अंश तापमान, प्रवास, फ्रीजच्या दाराला लावलेला नोंदीचा तक्ता. समाजकार्याच्या मुलीने लिहिलं होतं, की मूल मोठ्या बहिणीजवळ आहे, आईवडील कामावर आहेत आणि कुत्र्याला छेडल्याबद्दल ओरडा बसेल म्हणून मूल घरी काही सांगतच नाही. दादाने गेल्या वर्षीच्या नोंदवहीतून सुरुवात केली होती. कोणत्या गल्लीतून सर्वाधिक चावे येतात, ते वर्षभर समोर असून कुणी मोजले का? शेवटी पशुवैद्यकचा मुलगा उठला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "सहा महिन्यांपूर्वी एक कुत्री व्यायली. पिल्लांना लस मिळाली नाही."

मॅडमनी फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढली आणि प्रत्येकाची गोष्ट कुठून कुठपर्यंत जाते ते तिच्यावर मांडलं. माझा तुकडा टीचभरसुद्धा नव्हता. त्या रेघेवर माझा दिवस शून्य पार उजवीकडे, जवळजवळ टोकाला होता. त्याच्या डावीकडे एवढं सगळं घडून गेलेलं असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ते माझं काम आहे असं कधी वाटलं नव्हतं. आणखी एक गोष्ट दिसली. सहाही तुकडे मांडल्यावरसुद्धा रेघेवर मोकळ्या जागा उरल्या होत्या. चावा आणि ओपीडी यांच्यामधली एक. पहिला डोस आणि तिसरा डोस यांच्यामधली दुसरी. मॅडम म्हणाल्या, "पुढचे पाच आठवडे तुम्ही या जागांवर काम करायचं."

रेबीज किती मोठा प्रश्न आहे हे नंतर वाचताना कळत गेलं. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं त्याने दगावतात असा अंदाज आहे आणि त्यांतली सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांच्या आतली मुलं असतात. माणसांमधल्या जवळजवळ सगळ्या केसेसना कुत्र्याचा चावा कारणीभूत असतो. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल, आणि लक्षणं दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले तर तो जवळजवळ नेहमी वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेसह चार आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे माणसांचे मृत्यू शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. लस आहे, ज्ञान आहे, तरीही एवढी मुलं जातात, याचा मला त्या दिवसांत फार राग येत असे. राग कुणावर करायचा ते मात्र सापडत नव्हतं.

गटात सगळं गोडीगुलाबीने चाललं असं नाही. पहिल्या आठवड्यात मेडिकलचा मुलगा आपोआप टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसायचा, फॉर्म स्वतःकडे ओढायचा आणि आम्हाला कामं वाटून द्यायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला तसंच शिकवलं गेलं होतं आणि आम्हालाही शिकवलं गेलं होतं, की त्या खुर्चीत तोच बसणार. तो मला 'सिस्टर' म्हणायचा. आम्ही एकाच वयाचे, दोघंही अजून विद्यार्थी. वॉर्डात ही हाक ऐकून मान आपसूक वळते, पण त्या टेबलाशी ती मला खुपायची. पशुवैद्यकच्या मुलाशी तर पहिले तीन दिवस कुणी कामाचं असं बोललंच नव्हतं. तो माणसांच्या दवाखान्यात काय करणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

मॅडमनी हे पाहिलं असावं. त्यांनी एक नियम घातला. शेवटच्या सादरीकरणात कुणीही आपल्या शाखेबद्दल बोलायचं नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग मांडायचा आणि त्याने "हो, हे बरोबर आहे" म्हटल्याशिवाय तो मांडायचा नाही. चिठ्ठ्या टाकल्या. नर्सिंगचा भाग मेडिकलच्या मुलाकडे गेला. मला पशुवैद्यकाचा आला.

अख्ख्या प्रशिक्षणात मला सर्वांत मोलाचा वाटलेला नियम हाच. व्याख्येतलं 'कडून' त्या दिवशी गटात आलं.

मेडिकलच्या मुलाच्या टिपणात नर्सिंगची एकच ओळ होती: "लस दिली." मी त्याला कौशल्यकक्षात घेऊन गेले आणि त्वचेच्या आत द्यायचं इंजेक्शन सरावाच्या पॅडवर द्यायला सांगितलं. सुईचं तोंड वर, सुई कातडीला जवळजवळ समांतर, दशांश एक मिली औषध, आणि दिल्यावर कातडीवर छोटासा गोल फुगवटा यायलाच हवा. तो आला नाही म्हणजे औषध खोल गेलं, डोस पुन्हा द्यावा लागतो. पहिल्या खेपेला सुई आरपार. दुसऱ्या खेपेला औषध बाहेर सांडलं. तो चिडला नाही, बाही सरसावून परत बसला. तेरा-चौदा वेळा केल्यावर एक नीट फुगवटा आला, तेव्हा तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "मूल हात हलवतंय, रडतंय, बाहेर रांग आहे, तेव्हा कसं जमवता तुम्ही?" हा प्रश्न त्याआधी कुठल्याच डॉक्टरने मला विचारला नव्हता. मुलाचं कोपर कसं धरायचं, आईला कुठे उभं करायचं, सुई टोचण्याआधी मुलाला काय सांगायचं, हे सगळं मी त्याला सांगितलं. ते मी कधी कुठे लिहिलेलं वाचलं नव्हतं, वॉर्डातल्या सीनियर सिस्टरांच्या हातांकडे बघून शिकले होते. सादरीकरणात त्याने त्यावर सात मिनिटं घेतली. 'सिस्टर' म्हणणं त्याने कधी थांबवलं ते नेमकं आठवत नाही, पण तेव्हापासून तो नावाने हाक मारू लागला.

दुसरी गोष्ट जखम धुण्याची. आम्हा सगळ्यांना पाठ होतं: साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं. परीक्षेत अर्धा गुण. एका सकाळी मॅडमनी आम्हाला बेसिनपाशी उभं केलं, माझ्या हातावर पेनाने दातांच्या खुणा काढल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "धुवा." पहिल्या मिनिटाला आम्ही बोलत होतो. तिसऱ्या मिनिटाला विषय संपले. पाचव्याला माझा हात गार पडला. सातव्या मिनिटाला फार्मसीची मुलगी म्हणाली, "पुरे झालं असेल," आणि घड्याळाकडे बघून गप्प झाली. पेनाच्या खुणा कधीच्या निघून गेल्या होत्या. पंधरा मिनिटं पूर्ण झाली तेव्हा माझ्या बोटांची टोकं सुरकुतली होती, आणि मला तर दुखत नव्हतं, रक्त येत नव्हतं, मी चार वर्षांची नव्हते. त्यानंतर मी ओपीडीत आलेल्या लोकांना "धुतलं का?" असं विचारणं सोडलं. "किती वेळ धुतलं, दाखवा बरं कसं धुतलं" असं विचारते. बहुतेकांनी धुतलेलं असतं ते अर्धा-एक मिनिट.

इतकं का धुवायचं, हे फार्मसीच्या मुलीने समजावलं. विषाणूला बाहेरून स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. साबण ते फोडतो, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा साबण महत्त्वाचा. मेडिकलच्या मुलाने पुढचं सांगितलं. विषाणू रक्तातून नाही तर मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो, बहुधा काही आठवडे ते काही महिने घेतो. जेवढे विषाणू जखमेतच मरतील तेवढे प्रवासाला निघणारच नाहीत. आणि मग समाजकार्याच्या मुलीने विचारलं, "ज्या घरात नळ नाही, पाणी साठवून ठेवतात, तिथे वाहतं पाणी पंधरा मिनिटं कुठून आणायचं?" आम्ही पाच जण गप्प. मग मगाने बारीक धार धरून पाहिली. दोन बादल्या लागल्या, आणि एकजण मूल धरायला, एकजण ओतायला, एकजण साबण लावायला. वस्तीत दाखवायला आम्ही जे प्रात्यक्षिक बसवलं ते मग आणि बादलीचंच होतं, बेसिनचं नव्हतं. एकट्या नर्सिंगच्या बॅचने ते बसवलं असतं तर नक्की बेसिनपाशीच बसवलं असतं.

नोंदवही दादाने आणि मी मिळून तपासली. मोकळ्या जागांपैकी दुसरी जागा इथे होती. पहिल्या डोसला आलेले बहुतेक जण तिसऱ्या दिवशी येत होते, सातव्या दिवशी मात्र बरेच गळत होते, आणि काही जण भलत्याच दिवशी उगवत होते. लोक बेफिकीर असतात, जखम भरली की येत नाहीत, असं मी ठामपणे म्हणाले. दादा वाद घालत बसला नाही. त्याने भलत्या दिवशी आलेल्यांच्या नोंदी वेगळ्या काढल्या. त्यांतले बरेच जण दहाव्या दिवशी आले होते. दहाच का? समाजकार्याच्या मुलीने त्यांतल्या काही घरी जाऊन विचारलं. एका आईने कार्ड समोर ठेवलं. त्यावर लिहिलं होतं ०, ३, ७. तिने बोटं मोजून दाखवलं: पहिल्यानंतर तीन दिवसांनी एक झाली, त्यानंतर सात दिवसांनी पुढची. तीन आणि सात दहा. ती बेफिकीर नव्हती, उलट दिवस मोजून, कामावर खाडा करून आली होती. शून्य म्हणजे आजचा दिवस आणि बाकीचे आकडे त्या दिवसापासून मोजायचे, हे कार्डावर कुठेच नव्हतं. कार्ड भरणारे हात माझ्यासारखेच होते.

आणखी एक कारण फार्मसीच्या मुलीने शोधलं, आणि त्यावरून आमचं जोरात भांडण झालं. त्वचेत द्यायच्या पद्धतीत एका कुपीतून कित्येकांचे डोस निघतात. पण भुकटीत द्रव मिसळून लस एकदा तयार झाली, की फ्रीजमध्ये ठेवूनही सहा ते आठ तासांत संपवावी लागते. त्यामुळे एकटाच रुग्ण आला तर कुपी उघडायला हात कचरतो आणि त्याला "उद्या या, आणखी येतील तेव्हा देऊ" सांगितलं जातं. ती म्हणाली, वाया गेलेली लस म्हणजे पुढच्या महिन्यात कुणाला तरी न मिळालेली लस. मी म्हणाले, उद्या या म्हणून परत पाठवलेला माणूस उद्या येईलच असं नाही. दोघींचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटेना. दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. शेवटी दादाने कागदावर आठवड्याचे वार मांडले. दुसऱ्या-तिसऱ्या डोसच्या लोकांना दिवसातली ठरावीक वेळ दिली तर ते एका कुपीभोवती गोळा होतात, आणि पहिल्या डोसला आलेल्या माणसासाठी मात्र एकटा असला तरी कुपी उघडायचीच. हा तोडगा आमच्या अहवालात गेला. त्याच्या खाली आम्ही दोघींनी सही केली.

मला आलेला भाग कुत्र्याचा. पशुवैद्यकच्या मुलाबरोबर मी चार दुपारी फिरले. त्याने स्वतः रेबीजची लस आधीच घेतलेली होती, त्यांच्या शाखेत काम सुरू करण्यापूर्वीच घ्यायची असते. कुत्र्याचे कान, ओठ, शेपटीचा ताण वाचायला त्याने मला शिकवलं. एकदा तो रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "माझ्या उंचीवर ये." मी बसले. "कुत्र्याचा जबडा आणि चार वर्षांच्या मुलाचा चेहरा, बघ कसे समोरासमोर येतात." लहान मुलांना चेहऱ्यावर, डोक्यावर चावे का बसतात, हे मी आकड्यांत वाचलं होतं. तिथे बसल्यावर ते डोळ्यांसमोर आलं. आणि चेहऱ्यापासून मेंदूचं अंतर किती थोडं असतं, तेही.

वस्तीतल्या बैठकीत लोक संतापलेले होते. एका बाबांनी सरळ सांगितलं, सगळी कुत्री उचला. त्यांच्या मुलीला चावा बसला होता, त्यांचा संताप खराच होता. गटातही दोघांचं तेच मत होतं. पशुवैद्यकच्या मुलाने आवाज न चढवता समजावलं, की कुत्री मारून वा हलवून रेबीज आटोक्यात येत नाही, मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी कुत्री येतात आणि त्यांना लस मिळालेली नसते. परिसरातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर त्यांच्यातला प्रसार तुटतो. म्हणजे लस दिलेला कुत्रा हा त्या गल्लीचा पहारेकरी ठरतो. बाबांना ते लगेच पटलं नाही. पण बैठक संपल्यावर ते त्याच्याशी बोलत थांबले, आणि लसीकरणाच्या दिवशी दोरी घेऊन मदतीला आले.

त्या मुलानेच मला पाश्चर यांची गोष्ट सांगितली. जुलै १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने चावल्यावर त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. लस पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत तयार होत होती, पण ते रसायनशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. त्यांना सुई टोचता येत नव्हती. म्हणून व्हुल्पियां आणि ग्रांशे या दोन डॉक्टरांनी मुलाला तपासलं आणि ६ जुलैला पहिली सुई ग्रांशे यांनी दिली. ही लस शोधली गेली तीच दोन शाखांच्या हातांनी, हे मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

आता एका लहान मुलाबद्दल. पाचव्या आठवड्यात आम्ही गृहभेटी देत होतो. सात-आठ वर्षांचा मुलगा, नोंद दुसऱ्या वर्गाच्या जखमेची. म्हणजे रक्त न येता ओरखडा, फक्त लस. पहिला डोस पाच दिवसांपूर्वी झाला होता, आणि तो मीच दिला होता. तेव्हा मी विचारलं होतं, "चावला का?" तो म्हणाला, "नाही, नुसती नखं लागली." मी पुढे विचारलं नाही. गृहभेटीत मी कार्ड बघत होते, मेडिकलचा मुलगा दंडावरचा ओरखडा पाहत होता, आणि समाजकार्याची मुलगी जमिनीवर बसून त्याच्याबरोबर चित्र काढत होती. तिने त्याला कुत्रा काढायला सांगितलं. मग कुत्र्याजवळ स्वतःला काढायला सांगितलं. त्याने स्वतःच्या गुडघ्यावर लाल खडूने गोल काढला. "हे काय?" "मी पडलो होतो ना आदल्या दिवशी. तो चाटत होता तिथे." त्याने ते घाबरून लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मेडिकलचा मुलगा जागच्या जागी वळला. फुटलेल्या कातडीवर लाळ लागली की तो तिसरा वर्ग, मग चावा असो वा नसो. त्यात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती उभी करेपर्यंत तयार प्रतिपिंडं पुरवायला. आणि ते लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच. फार्मसीच्या मुलीने लगेच फोन करून साठा आहे का विचारलं. मी मॅडमना फोन लावला. आईला काय सांगायचं हे समाजकार्याच्या मुलीने ठरवलं, कारण आम्ही दोघं एकदम बोलू लागलो होतो आणि आईचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मॅडमनी त्याला बोलावून घेतलं, स्वतः तपासलं, आणि त्याच संध्याकाळी गुडघ्याच्या त्या खपलीभोवती इंजेक्शन दिलं गेलं. मी त्याचा पाय धरून होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी प्रश्न चुकीचा विचारला नव्हता, प्रश्न अपुरा होता, आणि माझ्या शाखेने मला तेवढाच शिकवला होता. आता मी चार गोष्टी विचारते: चावला का, ओरबाडलं का, चाटलं का, आणि चाटलं तिथे आधीची जखम होती का. मुलांना कागद आणि खडू देते.

कुत्रा मात्र शोधायचा होता. चावणारा वा चाटणारा कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. पशुवैद्यकच्या मुलाला त्या लहान मुलानेच कुत्रा दाखवला, पांढऱ्या पंजांचा, त्याच गल्लीतला. पुढचे दिवस तो रोज सकाळी तिथे जाऊन गटावर एक ओळ टाकायचा. "खाल्लं. चालणं नीट." "आज पावसात आडोशाला बसलाय, पण हाक मारल्यावर आला." प्रशिक्षणात हे काम कुठे लिहिलेलं नव्हतं आणि त्याला गुणही नव्हते. दहाव्या दिवशीची ओळ वाचताना मी ड्यूटीवर होते, ड्रेसिंग रूममध्ये. "दहा पूर्ण. ठणठणीत." मी ती मेडिकलच्या मुलाला दाखवायला दुसऱ्या मजल्यावर जिन्याने धावत गेले.

शेवटच्या शनिवारी कुत्र्यांचं लसीकरण ठेवलं होतं. दहा दिवस उलटल्यामुळे पांढऱ्या पंजांच्या त्या कुत्र्यालाही आणलं होतं. ते दोरीवाले बाबा त्याला धरून होते आणि तो मुलगा गुडघ्यावर पट्टी घेऊन शेजारी उभा. सुई पशुवैद्यकच्या मुलाने दिली आणि कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला, "तुझं अक्षर चांगलं आहे." नावाच्या रकान्यात मुलाने सांगितलं ते नाव लिहिलं. पुढच्या डोसच्या रकान्यात छापलेलं होतं, 'एक वर्षाने'. मी ते खोडून पूर्ण तारीख, महिना आणि साल लिहिलं, खाली वारही लिहिला, आणि मुलाला मोठ्याने वाचायला सांगितला.